चुंबकाला चिकटलेले राष्ट्राध्यक्ष

जालन्याच्या माणसाला बियाणं नाहीतर लोखंड, यांपैकी एकाचा नाद असावा असा संकेत आहे. मला नाद लागला आफ्रिकेतल्या स्वतंत्र देशांच्या नाण्यांचा. पुरवठा मात्र लोखंडामुळेच होतो. आमच्याकडे सळया तयार करणाऱ्या भट्ट्यांना भंगार लागतं आणि भंगारात काय निघेल याचा नेम नसतो. ओळखीचा भंगारवाला फोन करतो, ‘‘सर, दाढीवाला आलाय. घेता का?’’

दाढीवाला म्हणजे केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा. २००५ सालच्या एका शिलिंगावरचे. हे नाणं निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचं, त्यामुळे चुंबकाला लगेच चिकटतं. भंगारवाल्याच्या लेखी राष्ट्राध्यक्षाची परीक्षा तिथेच संपते.

घरात या छंदाला मान नाही. ‘‘आजोबांनी निजामाची हाली सांभाळली नाही, अन् तुम्ही परक्यांची चिल्लर जपताय!’’ हा टोमणा मी रोज जेवणाबरोबर खातो. त्यात तथ्य आहे. १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होतं आणि इंग्रजी राज्यातल्या सहा कलदार रुपयांना निजामाचे सात हाली रुपये मोजावे लागत. पण मलाही उत्तर येतं: १९२० पर्यंत केनियात आपलाच रुपया चालायचा, मग परके कसे?

खरी गंमत चेहऱ्यांची आहे. निजाम उस्मान अली खान जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून गाजला. पण हालीवर चारमिनार, आणि त्याच्या कमानीत नावाचं उर्दूतलं पहिलं अक्षर, ‘ऐन’. बस्स. दिल्लीकरांनी १९५० साली इंग्रज राजा उतरवला आणि अशोकाचे सिंह बसवले. नेहरू नाण्यावर आले ते १९६४ साली, निधनानंतर.

घानाच्या क्वामे एन्क्रुमांना एवढा धीर नव्हता. देश १९५७ साली स्वतंत्र झाला आणि १९५८ च्या नाण्यांवर त्यांचा मुखडा झळकला. भोवती ‘घाना राष्ट्राचा संस्थापक’ असा मजकूर, तोही लॅटिनमध्ये! इंग्रज गेले, पण रुबाब ठेवून गेले. फेब्रुवारी १९६६ मध्ये संस्थापक पेकिंगच्या दौऱ्यावर असताना लष्कराने राज्य ताब्यात घेतलं. ते घानात परत गेलेच नाहीत. नाणं माझ्याकडे आहे. अजून बरंच चकचकीत आहे.

झांबियाचे राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा १९६० च्या दशकापासून नाण्यांवर होते. १९९१ ची निवडणूक हरले, मुकाट्याने खुर्ची सोडली, आणि १९९२ च्या नाण्यांवर राजमुद्रा आली. हा गृहस्थ मला आवडतो. आपल्याकडे ग्रामपंचायतीतही इतक्या सहज कोणी उठत नाही.

केनियाने तर रोगाच्या मुळावरच घाव घातला. नाण्यांवर केन्याटांनंतर पुढचे राष्ट्राध्यक्ष मोई, मोईंनंतर पुन्हा केन्याटा, असा खेळ पाहून कंटाळलेल्या देशाने २०१० च्या राज्यघटनेतच लिहून टाकलं की नोटा-नाण्यांवर कोणाही व्यक्तीचं चित्र नको. मग २०१८ साली जिराफ, गेंडा, सिंह आणि हत्ती आले. यांतल्या एकालाही निवडणूक लढवायची नाही. छंदिष्टाच्या दृष्टीने हाच संच सर्वांत देखणा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा मराठवाड्यात ज्यांचे काका-मामा नैरोबी, कंपाला, लुसाका इकडे नोकरी करून आले असतील, त्यांनी कपाटाचा तळ एकदा उपसावा. माझ्याकडे कौंडा दुहेरी आहेत, अदलाबदल करीन. गेंडा मात्र कोणी मागू नये.