सावधान आधी की माळ आधी?
लग्नाची कॅसेट डीव्हीडीवर उतरवू पाहणाऱ्या होतकरूंसाठी प्राथमिक धडे

उद्दिष्ट : माळ्यावरच्या व्हीएचएस कॅसेटमधलं काकांचं लग्न डीव्हीडीवर आणणे आणि आणताना भटजींचे ओठ व भटजींचा आवाज यांची फारकत होऊ न देणे.

साहित्य : चालू स्थितीतला व्हीसीआर (तो ज्या नातेवाइकांकडे असतो त्यांच्याशी बोलणं सुरू असल्यास उत्तम), कॅप्चर कार्ड, संगणक, व्हर्च्युअलडब, ऑडॅसिटी व डीव्हीडीस्टायलर हे प्रोग्राम, पुसून पुन्हा वापरता येणारी एक तबकडी आणि चहा. चहा न पिणाऱ्यांनी या उद्योगात पडू नये.

पायरी 1 : लक्षण ओळखा.
होतकरू इथेच चुकतो. मंगलाष्टकांत आवाज मागे पडलाय असं दिसलं की तो आवाज पुढे ओढतो, भटजी जुळले म्हणून खूश होतो आणि जेवायला जातो. परत येऊन पंगत पाहतो, तर काका घास चावता चावता खणखणीत उखाणा घेताहेत. म्हणून काहीही ओढण्याआधी फाइल तीन ठिकाणी पाहा : सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी. अंतर तिन्हीकडे सारखं असेल तर दुखणं साधं आहे. अंतर हळूहळू वाढत असेल तर दोष घड्याळाचा. अंतर मध्येच उडी घेत असेल तर चित्रं गळाली आहेत. तिन्ही दुखण्यांना एकच गोळी देऊ नये.

पायरी 2 : मोजा.
मोजायला खूण हवी. सिनेमावाले त्यासाठी क्लॅप मारतात. काकांच्या लग्नात तशी सोय नव्हती. खूण अशी निवडावी की जिचं चित्र आणि आवाज एकाच क्षणी जन्माला येतात : ताशावर पडलेली काडी, टाळी, वाढप्याच्या हातून सुटलेलं पातेलं. हा नियम वरवर वाचून पुढे जाणाऱ्यांची भेट शेवटच्या पायरीवर होईल.

आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला 25 चित्रं, म्हणजे एक चित्र 40 मिलिसेकंदांचं. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या पुढे 40 आणि मागे 60 मिलिसेकंदांपर्यंत चालतो. मागे पडलेल्याला जास्त सवलत का? कारण आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटरच धावतो. एका चित्राच्या वेळात तो जेमतेम 14 मीटर जातो. कार्यालयात मागच्या रांगेत बसलेल्या पाहुण्याला सनईवाल्याची बोटं आधी दिसतात, सूर मग पोचतो, आणि त्याचं त्याला काहीच वाटत नाही. पण विजेआधी गडगडाट आजवर कुणी ऐकलेला नाही. म्हणून पुढे धावणारा आवाज कानाला लगेच खटकतो.

पायरी 3 : सारखं अंतर असल्यास.
व्हर्च्युअलडबच्या इंटरलीव्हिंगच्या चौकटीत आकडा लिहा : आवाज उशिरा हवा असेल तर अधिक, लवकर हवा असेल तर उणे. अधिक-उण्याची गल्लत पहिल्या वेळी प्रत्येकाकडून होते आणि अंतर दुप्पट होतं. घाबरू नका, चिन्ह बदला आणि आपण मुद्दामच तपासत होतो असं घरच्यांना सांगा.

पायरी 4 : वाढतं अंतर असल्यास.
चित्र कॅप्चर कार्डातून आणि आवाज संगणकाच्या साउंड कार्डातून घेतला असेल, तर दोघांची घड्याळं वेगळी. समजा, सेकंदाला 48,000 नमुने घ्यायचे ठरलं होतं आणि साउंड कार्डानं उत्साहात 48,048 घेतले. फाइलवर मात्र 48,000 असंच लिहिलंय. फरक हजारात एकाचा, पण तासाभरात आवाज 3.6 सेकंद मागे पडतो आणि तीन तासांच्या कॅसेटीत 10.8 सेकंद. तेवढ्यात जेवणाचे ढेकर पाठवणीच्या रड्यावर येतात. इथे आवाज सरकवून भागत नाही, आक्रसावा लागतो. ऑडॅसिटीत पूर्ण आवाज निवडून चेंज स्पीडमध्ये 0.1 टक्का वाढवा. एवढ्या फरकानं भटजींचा सूर चढला अशी तक्रार कुणी करणार नाही.

पायरी 5 : उडी मारणारं अंतर असल्यास.
कॅप्चर करताना संगणकाला दम लागला की तो चित्रं गाळतो. आवाज मात्र अखंड घेतो. पंचवीस चित्रं गळाली की चित्र आवाजाच्या एक सेकंद पुढे पळालं. किती गळाली ते व्हर्च्युअलडब कॅप्चर चालू असतानाच दाखवतो, पण त्या वेळी आपण चहा करत असतो. यावर औषध एकच : बाकीचे प्रोग्राम बंद करून कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावणे.

पायरी 6 : पुडी बांधा.
डीव्हीडीला चित्र एमपेग-2 मध्ये, 720 गुणिले 576 आकाराचं लागतं आणि आवाज 48 किलोहर्ट्झचा. सीडीवरून घेतलेली सनई 44.1 ची असते. ती रीतसर रूपांतरित करा, नुसतं लेबल बदलू नका, नाहीतर सनई लगबगीत वाजते. सगळी सरकवासरकव डब्ल्यूएव्ही फाइलवरच उरकून घ्या. एसी-3 झाल्यावर आवाज 32 मिलिसेकंदांच्या पुड्यांत बांधला जातो आणि अर्धी पुडी कापता येत नाही. पहिली प्रत पुसता येणाऱ्या तबकडीवरच काढा.

पायरी 7 : प्रयोग सादर करा.
प्रस्तुत लेखकानं खूण म्हणून काकांची माळ निवडली होती. शेवटचं ‘सावधान’, बँड आणि माळ एकदमच व्हायला हवीत ना! माळ तीन सेकंद आधी पडत होती. निदान सोपं होतं : पंचाहत्तर चित्रं गळाली. पुन्हा कॅप्चर केलं. तरी तीनच सेकंद. मग अख्ख्या लग्नाचा आवाज तीन सेकंद पुढे ओढला आणि सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं. माळ बरोबर बँडवर पडली. त्यानंतर पातेलं आधी खणखणलं आणि मग वाढप्याच्या हातून सुटलं.

काकू म्हणाल्या, “अरे, बँड इतक्या लवकर कुठे वाजला होता? ह्यांनीच घाई केली. माळ आधी मी घालायची, तर ह्यांनी अंतरपाट खाली यायच्या आत वरूनच टाकली माझ्या गळ्यात. उंच ना!”

काका पंख्याकडे बघत होते.

दक्षता : खूण म्हणून पातेलं घ्यावं. नवरदेव घेऊ नये.