सिद्धांतकार व्हायचंय? आधी भांडण निवडा

समाजशास्त्राचा सिद्धांतकार व्हायला प्रयोगशाळा लागत नाही, भांडवल लागत नाही आणि चारचौघांत मिसळायची आवड तर मुळीच लागत नाही. लागतो फक्त एक विरोधक. तो वारलेला असेल तर उत्तम, कारण उलट उत्तर येत नाही.

पूर्वतयारी म्हणून वाचन बंद करा. या शास्त्राला नाव देणाऱ्या ऑगस्ट कोंत यांनी ऐन भरात असताना इतरांची पुस्तकं आणि वर्तमानपत्रं वाचणं सोडून दिलं होतं. आपले विचार परक्या विचारांनी बाटू नयेत, हा हेतू. याला ते मेंदूची स्वच्छता म्हणत. पुढे त्यांनी मानवतेचा धर्म काढला, त्याचं धर्मगुरुपद स्वतःकडे घेतलं आणि तेरा महिन्यांचं कॅलेंडरही केलं. त्यातल्या महिन्यांना मोझेस, होमर, अ‍ॅरिस्टॉटल अशी नावं होती. कॅलेंडर तुम्हाला झेपणार नाही. वाचन मात्र कुणालाही सोडता येतं.

आता भांडण. बाजारात पुष्कळ आहेत, पण टिकाऊ माल एकच: समाज मोठा की माणूस? माणसं वागतात म्हणून समाज असतो, की समाज असतो म्हणून माणसं तशी वागतात? बाकीची बहुतेक भांडणं फिरून इथेच येतात. दोन्हीपैकी कोणतीही बाजू घ्या, जन्मभर पुरेल.

पहिली बाजू एमिल डरखाइम यांची. समाज ही माणसाच्या बाहेरची, त्याच्यावर दाब टाकणारी गोष्ट आहे. दगडधोंड्यांकडे पाहावं तसं तिच्याकडे वस्तू म्हणून पाहा, असं त्यांचं सांगणं. ते सिद्ध करायला त्यांनी मुद्दाम सगळ्यांत खासगी वाटणारी कृती निवडली: आत्महत्या. 1897 सालच्या पुस्तकात त्यांनी दाखवलं की एकेका देशातलं तिचं प्रमाण वर्षानुवर्षं फारसं हलत नाही. प्रोटेस्टंटांत ते कॅथलिकांपेक्षा जास्त, एकट्यांत संसारी माणसांपेक्षा जास्त. म्हणजे माणूस आपल्या गोतावळ्याशी किती घट्ट बांधलेला आहे, यावर बरंच अवलंबून.

दुसरी बाजू गाब्रिएल तार्द यांची. हे मूळचे न्यायाधीश. त्यांच्या मते माणसांच्या डोक्यावर तरंगणारा समाज वगैरे काही नसतो. एकाला काही सुचतं, दुसरा त्याची नक्कल करतो, तिसरा दुसऱ्याची, आणि या साखळीलाच आपण समाज म्हणतो.

नवशिक्यांनी इथे नीट लक्ष द्यावं, कारण धंद्याची खरी युक्ती पुढे आहे. डरखाइम यांना आत्महत्यांच्या सरकारी नोंदी हव्या होत्या. त्या पॅरिसच्या न्यायखात्यातल्या गुन्हेगारी सांख्यिकीच्या कचेरीत होत्या आणि कचेरीचे प्रमुख होते खुद्द तार्द. त्यांनी दप्तर खुलं करून दिलं. डरखाइम यांचा भाचा मार्सेल मोस याने सुमारे 26,000 प्रकरणं चाळून वर्गवारी केली. पुस्तक निघालं. प्रस्तावनेत तार्द यांचे आभार आहेत आणि आत एक आख्खं प्रकरण नक्कल या कल्पनेची साल काढायला राखलेलं आहे. तेव्हा विरोधकाशी संबंध चांगले ठेवा, त्याच्याकडे चाव्या असतात.

1903 साली हे दोघं पॅरिसमध्ये भर सभेत समोरासमोर आले. पुढच्याच वर्षी तार्द गेले. तार्द यांच्याकडे कॉलेज द फ्रान्सचं मानाचं अध्यासन होतं, पण पंथ नव्हता. डरखाइम यांच्याकडे सॉर्बोन होतं, स्वतःचं नियतकालिक होतं आणि शब्द झेलणारे शिष्य होते. शतकभर सगळे डरखाइम गिरवत राहिले. एकाने गिरवलं म्हणून दुसऱ्याने, दुसऱ्याने गिरवलं म्हणून तिसऱ्याने. थोडक्यात, तार्द यांचा पराभव समजून घ्यायला तार्द यांचाच सिद्धांत लागतो.

आता एक उदाहरण जे परीक्षेत लिहू नये. 9 मे 1916, न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ, मानवशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांचा चर्चावर्ग. पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर जातींच्या उगमावर निबंध वाचतात. जातीचं मर्म त्यांना सापडतं ते जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या सक्तीत. मग ते हिशेब मांडतात. गटाचे दरवाजे बंद केले की स्त्री-पुरुषांची संख्या बरोबरीत ठेवावी लागते. नवरा मेला, की मागे राहिलेली बायको गटाला ‘जास्त’ होते. बायको मेली, की नवरा. सती, वैधव्याची सक्ती आणि बालविवाह हे त्या हिशेबातली बाकी शून्य करण्याचे मार्ग. इतकं रोखठोक, इतकं थंड डोक्याने केलेलं विश्लेषण त्या काळात दुर्मीळच. आणि ही चाल ब्राह्मणांकडून इतरांत कशी पसरली? मनूच्या हुकमाने नव्हे, असं ते म्हणतात, आणि हाती घेतात तार्द. नक्कल वरून खाली जाते आणि जवळचा जास्त करतो, लांबचा कमी. पुरावाही लगोलग: ब्राह्मणांच्या लगतच्या जातींत तिन्ही चाली, जरा लांब एखाददुसरी, फार लांब फक्त जातीच्या तत्त्वावरची श्रद्धा. पण तेवढ्यावर ते थांबत नाहीत. काहींनी दारं आपणहून लावून घेतली, तर काहींच्या तोंडावर ती लावली गेली, हेही ते मांडतात. म्हणजे नक्कलही आणि दाबही, माणूसही आणि समाजही. शिवाय लिहिणारा स्वतः दाराबाहेर ठेवलेल्यांतला. नवशिक्यांनी असं करू नये. दोन्ही बाजूंना हात घालणाऱ्याला कुठल्याच पंथाच्या पंगतीत पान मिळत नाही. खालच्या जाती वरच्यांच्या चालीरीती उचलतात, या गोष्टीला पुढे 1952 च्या पुस्तकात एम. एन. श्रीनिवास यांनी संस्कृतीकरण असं नाव दिलं आणि ते घरोघरी पोचलं. आंबेडकरांचा निबंध मात्र बरीच वर्षं समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमाच्या उंबऱ्याबाहेरच राहिला.

भांडणाचा सर्वांत वरचा दर्जा म्हणजे दुर्लक्ष. डरखाइम आणि माक्स वेबर शेजारशेजारच्या देशांत, एकाच काळात, एकाच विषयातले दिग्गज. आणि एकमेकांचं नाव जवळपास घेत नाहीत. याला साधना लागते. सुरुवातीला मार्क्सवर टीका करून हात बसवावा.

आता भाषा. टॅलकॉट पार्सन्स यांचा ‘द सोशल सिस्टिम’ हा 1951 सालचा ग्रंथ 555 पानांचा. सी. राइट मिल्स या मोटारसायकलवाल्या प्राध्यापकाने 1959 मध्ये त्यातले लांबलचक उतारे घेऊन त्यांचं थोडक्यात, सोप्या इंग्रजीत रूपांतर करून दाखवलं आणि सगळा ग्रंथ दीडशेक पानांत बसेल असा अंदाज दिला. तुम्हाला याच्या उलट सराव करायचा आहे. वाक्य घ्या: चहात साखर नव्हती म्हणून सासूबाई चिडल्या. आता लिहा: कुटुंबसंस्थेतील अधिकारश्रेणीत भूमिकाविषयक अपेक्षांची पूर्तता न झाल्याने नियंत्रणात्मक प्रतिसाद उद्भवला. साखर गेली, सासूबाई गेल्या, चूक कुणाची तेही गेलं. जमलं.

प्रात्यक्षिकही हवं. ते हॅरॉल्ड गार्फिंकेल यांच्याकडून घ्या. त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, घरी जाऊन पंधरा मिनिटं ते तासभर आपण इथे भाड्याने राहतो असं वागा. अदबीने बोला, विचारल्याशिवाय तोंड उघडू नका. उद्देश असा की रोजचं वागणं कोणत्या न लिहिलेल्या नियमांवर उभं आहे, ते मोडल्यावरच दिसतं. घरच्यांनी विचारलं, बरं नाही का, कुणाशी भांडलास का, हे काय चाललंय. तुम्हीही करून पाहा. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आईला म्हणा, “आपली हरकत नसेल तर मी फ्रिज उघडू का?” पहिली दोन मिनिटं आई हसेल. तिसऱ्या मिनिटाला कपाळाला हात लावून ताप बघेल. त्यानंतर ती जे बोलेल त्यात समाजाची अख्खी घडण असते. ते तिथल्या तिथे उतरवून घ्या आणि सुरक्षित अंतर ठेवा.

शेवटचा धडा: सिद्धांत कायम दुसऱ्यावर लावायचा. पिएर बोर्द्यू यांनी फ्रान्समधल्या 1,217 लोकांना कोणतं संगीत आवडतं, भिंतीवर काय लावता, काय खाता असं विचारून 1979 च्या पुस्तकात दाखवलं की आवडनिवड ही वर्गाने अंगात मुरवलेली गोष्ट असते आणि तिचा उपयोग दुसऱ्याला खालचा ठरवायला होतो. हे तुम्ही असं वापरा: गणपतीतला डीजे ही त्यांच्या वर्गाची घडण, माझे कुमार गंधर्व ही माझी समज.

गोची एवढीच की बोर्द्यू यांनी स्वतः हा नियम पाळला नाही. 1984 मध्ये त्यांनी तेच हत्यार पॅरिसच्या प्राध्यापकांवर, म्हणजे आपल्याच बिरादरीवर चालवलं: कोण कुठल्या घरातला, कुणाच्या शिफारशीने कुठे बसला, कोण कुणाचा प्रबंध तपासतो. पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणाच्या मथळ्यात, हे जाळावं का, अशी शंका आहे. तुम्हाला ते लागलंच तर ग्रंथालयातून घ्या. विभागप्रमुखांकडे मागू नका.