चौतिसाव्या मजल्यावरचे काकाजी

पांढुर्ण्याच्या बाजारात सकाळी दहाच्या सुमारास उभं राहून नुसतं म्हणा, "दुबईत आता किती वाजले असतील?" खताच्या दुकानातून, नाहीतर चहाच्या टपरीवरून हमखास आवाज येईल, "साडेआठ! दीड तास मागं हाये ते." घड्याळाकडे न बघता. हे काकाजी.

काकाजी म्हणजे कोणी एक माणूस समजू नका. नागपुरी संत्र्यासारखा तो एक वाण आहे. जाम नदीपासून कन्हानपर्यंत, जिथे जमिनीला भाव आला तिथे तिथे तो रुजतो. पांढरा सदरा, खिशात तंबाखू-सुपारीच्या खर्‍याची पन्नी आणि मोबाईलमध्ये नातवाच्या फोटोच्या आधी एका इमारतीचा फोटो. मी पडलो शाळामास्तर, त्यातून इंग्रजी वाचता येणारा. त्यामुळे आमच्या आळीतल्या काकाजींची सगळी कागदपत्रं माझ्या नजरेखालून गेली आहेत.

सुरुवात झाली ती जिल्ह्यापासून. ऑक्टोबर २०२३मध्ये छिंदवाड्यातून फुटून पांढुर्णा जिल्हा झाला. तहसिली दोन, पांढुर्णा आणि सौसर. जिल्हा झाला की कलेक्टर येतो, आणि कलेक्टरच्या मागोमाग ले-आउटवाला. काकाजींचं रस्त्याला लागून असलेलं वावर असंच ले-आउटात गेलं आणि जन्मभर आंबिया आणि मृग या दोनच बहारांचा हिशेब ठेवणार्‍या माणसाच्या खात्यात तिसराच बहार फुटला.

पैसा बँकेत निवांत पडला असता. पण सौसरचे व्याही पडू देतील तर ना! त्यांचा मुलगा कॅनडात. लग्नकार्यात जेवणाच्या पंगतीत ते 'आमचं टोरांटो' असं म्हणायचे, जणू टोरांटो लोधीखेड्याच्या पुढचा फाटा आहे. पोळ्याच्या दुसर्‍या दिवशी जामच्या पात्रात पळसाचं झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांना दगड मारतात, ती आमची गोटमार. पण व्याह्यांशी गोटमार करता येत नाही. मग काय करायचं? परदेशात घर घ्यायचं.

काकाजींनी देश पाहिले ते मुलीला स्थळं पाहावीत तसे. कॅनडा पहिल्या फेरीतच बाद. तिथल्या सरकारने १ जानेवारी २०२३पासून परदेशी माणसाला घर घ्यायला बंदी घातली आहे, आणि ती २०२७पर्यंत वाढवली आहे. हे कळलं त्या दिवशी काकाजींनी व्याह्यांना मुद्दाम फोन करून तब्येत विचारली. सिंगापूरला परदेशी माणसाकडून घराच्या किमतीवर ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क घेतात. "हुंडा जास्त," काकाजी म्हणाले. थायलंडमध्ये एका इमारतीतल्या एकूण जागेपैकी ४९ टक्केच परदेशी मालकीची असू शकते. "पोरगी चांगली हाये, पण घरजावई करून ठेवतीन." उरली दुबई. तिथे २००२पासून ठरावीक भागांत परदेशी माणसाला मालकी खुली आहे, २००६मध्ये नोंदणीचा कायदाही झाला, आणि जमीन खात्याची फी चार टक्के. पत्रिका जुळली.

नागपूरच्या एका हॉटेलात दुबईच्या घरांचं प्रदर्शन लागलं होतं. मलाही नेलं. टाय लावलेल्या पोराने पडद्यावर फ्लॅट उघडला. चौतिसावा मजला, साडेसातशे चौरस फूट, बारा लाख दिरहम. दिरहम तेव्हा २३ रुपयांच्या घरात होता, म्हणजे पावणेतीन कोटी. काकाजी शांतपणे म्हणाले, "चौहद्दी सांगा."

पोरगा माझ्याकडे बघायला लागला.

"पूर्वेले कोणाचं वावर हाये? पश्चिमेले नाला का रस्ता? खसरा नंबर काय? बी-वन कोणाच्या नावानं निघते? अन् पटवारी कुठी बसते?"

पोराने बिचार्‍याने आठवून आठवून सांगितलं की वरच्या मजल्यावर एक रशियन आहे आणि खाली एक चिनी. काकाजींनी ते मला वहीत लिहून घ्यायला लावलं : वर रशियन, खाली चिनी, मधात पांढुर्णा. मग त्यांनी शेवटचा प्रश्न टाकला. "अन् सीमांकन करायचं झालं, तर जरीब कुठून धरन?"

खरी मजा पैसे पाठवताना झाली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. दिरहम डॉलरला बांधलेला, एका डॉलरला साधारण ३.६७. म्हणजे काकाजींची धाव सव्वानऊ लाख दिरहमच्या अलीकडेच संपली. उरलेले कोणाच्या नावाने पाठवायचे? ज्याचे पैसे जातील त्याचं नाव मालकीत हवं. असं करून, चाळीस वर्षं संसारात जे झालं नाही ते झालं, आणि काकूंचं नाव कागदावर चढलं.

काकूंनी त्या दिवशी तीन ठिकाणी सह्या केल्या आणि घरी आल्यावर म्हणाल्या, "आता घर माह्यंही हाये. माह्या हिश्शात खर्रा चालनार नाही."

मग टीसीएस. परदेशी घरासाठी पैसे पाठवले की वर्षाला माणशी दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आधीच कापून घेते. दोघांचे मिळून पन्नास लाखांवर गेले. काकाजी बँकेतल्या खुर्चीवर बसले ते उठेनात. "हे पैसे जात नाहीत, रिटर्न भरलं की हिशेबात येतात," असं मी समजावलं. "रिटर्न?" ते माझ्याकडे चोराकडे बघावं तसे बघायला लागले. संत्र्याच्या उत्पन्नाला इन्कम टॅक्स नसतो, त्यामुळे त्यांच्या सात पिढ्यांत कोणी रिटर्न भरलेलं नव्हतं. आता मात्र दरवर्षी भरायचं, आणि त्यात परदेशी मालमत्तेच्या रकान्यात हा फ्लॅटही दाखवायचा, नाहीतर दहा लाखांचा दंड होऊ शकतो. "म्हणजे व्याह्याले दाखवासाठी घेतलं," ते पुटपुटले, "अन् आधी दाखवा लागते सरकारले."

गेल्या डिसेंबरात दोघं सहा दिवस जाऊन आले. परत आल्यावर ओसरीवर बैठक भरली. घर कसं आहे? "चकाचक." वारा? "काच उघडतच नाही." मग खर्रा थुंकायचा कुठं? काकाजी गप्प. काकूंनी आतून उत्तर दिलं, "सहा दिवस गिळला." बुर्ज खलिफा दिसतो का? दिसतो, पण समोरच्या इमारतीने अर्धा झाकलाय. ८२८ मीटरच्या मनोऱ्यातले त्यांच्या वाट्याला वरचे चारशे मीटर आलेत. आणि चौरस फुटाला १६ दिरहम देखभाल खर्च, म्हणजे वर्षाला बारा हजार दिरहम, पावणेतीन लाख रुपये. शिवाय थंड हवेचं बिल वेगळं. "घर माह्यं, अन् भाडं मीच द्यावं?" काकाजींचा हा सवाल अजून चालू आहे. "थंडीचे पैसे! आपल्या इथं डिसेंबरात फुकट पडते."

दहा वर्षांच्या गोल्डन व्हिसाचंही तसंच झालं. त्याला वीस लाख दिरहमचं घर लागतं आणि काकाजींचं बाराचं. आठ लाखांनी नागरिकत्व हुकलं, असं ते सांगतात. तो व्हिसा नागरिकत्व देत नाही, फक्त राहायला देतो, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. माणसाकडे एखादं तरी दुःख मोठं असावं.

सध्या फ्लॅटमध्ये भाडेकरू आहे, चावी एजंटकडे आहे आणि मालकीचा कागद माझ्या मोबाईलमध्ये. काकाजी पहाटे साडेपाचला उरलेल्या वावरात असतात. मागच्या पावसाळ्यात त्यांनी बांधाकडेला संत्र्याची नवी कलमं लावली. डिंक्या आलेल्या दोन झाडांच्या बुडाशी बोर्डो पेस्ट लावताना त्यांना पाहिलं, तेव्हा लक्षात आलं, हा माणूस आयुष्यात एकाच मजल्यावर राहतो, आणि तो तळमजला आहे.

कधी पांढुर्ण्याला आलात, तर आमच्या काकाजींना जरूर भेटा. फक्त फ्लॅटचं विचारू नका. नागपूरची गाडी चुकेल. यंदा आंबिया कसा आहे, एवढं विचारा. उत्तर खरं मिळेल, आणि निघताना पिशवीत चार संत्रीही पडतील.