इसम शिंदे, राहणार सर्वत्र

नगर जिल्ह्यातील कोणत्याही कचेरीत केवळ ‘शिंदे’ असा पुकारा करण्याचे साहस मुरलेला शिपाई सहसा करीत नाही. कारण त्या एका हाकेस अर्जदार, जामीनदार, हरकतदार आणि प्रसंगी खुद्द अव्वल कारकून असे सर्वच एकसमयावच्छेदेकरून ‘ओ’ देण्याचा संभव असतो.

वस्तुतः या मुलखावर शिंद्यांची वहिवाट जुनी आहे. कण्हेरखेडच्या राणोजींचे घराणे उत्तरेत विस्तारले, तरी श्रीगोंद्यास आणि पारनेर तालुक्यातील जामगावास महादजींच्या वाड्यांची स्मृती राहिली. आणि १७९७ मध्ये खुद्द नगरचा भुईकोट दौलतराव शिंद्यांच्या कबजात आला, तो १८०३ च्या ऑगस्टात जनरल वेलस्लीने हिसकावून घेईपर्यंत. ग्वाल्हेरीस स्थिरावलेली शाखा पुढे ‘सिंदिया’ झाली आणि १९१९ मध्ये वालचंद हिराचंद प्रभृतींनी काढलेल्या आगबोट कंपनीच्या नावावाटे हे आडनाव ‘लॉयल्टी’ जहाजासमवेत थेट लंडनपर्यंत जाऊन पोहोचले. इकडे पारनेरच्या माळावर टँकरची प्रतीक्षा करणाऱ्या आडनावबंधूंस त्या समुद्रपर्यटनापासून कोणता लाभ झाला, याची नोंद दफ्तरी आढळत नाही.

परंतु या आडनावाचा परमोत्कर्ष पाहावयाचा तर जामखेड तालुक्यातील मौजे चौंडी येथेच. तेथील पाटील माणकोजी शिंदे यांची कन्या अहिल्या विवाहानंतर होळकर झाली आणि पुण्यश्लोक ठरली. तिच्या जयंतीस, ३१ मे २०२३ रोजी, मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी, चौंडीचेच राम शिंदे यांच्या उपस्थितीत, जिल्ह्यास त्या शिंदेकन्येचे नाव देण्याची घोषणा केली. एवढा शिंदेसंगम पाहून भोळ्या माणसास वाटावे, की येथे शिंदे उमेदवारास अर्ज भरण्यापलीकडे काही श्रम नसतील. प्रत्यक्षात पुढल्याच वर्षी कर्जत-जामखेडच्या मतदारांनी राम शिंदे यांस १,२४३ मतांनी घरी बसवून एका पवारांस निवडून दिले. आणि महिना उलटतो न उलटतो तोच विधान परिषदेने त्यांस सभापतिपदाच्या उच्चासनावर बसविले. मतदारांनी नाकारलेल्यांची सोय करण्यात आपली लोकशाही किती दयार्द्र आहे, हे परक्यांस समजावून सांगणे कठीण.

राहिला प्रश्न नामकरणाचा. ज्या शिंदे-होळकरांनी १८०२ मध्ये हडपसरच्या रणांगणावर परस्परांची डोकी फोडली, त्यांच्यापैकी माहेरचा हक्क मोठा की सासरचा, हा तंटा नव्या नावाच्या निमित्ताने उपस्थित झाला असता, तर वकिलांच्या दोन पिढ्या त्यावर सुखेनैव जगल्या असत्या. सरकारने ‘अहिल्यानगर’ एवढेच लिहून दोन्ही आडनावे वगळली आणि पाटीवर रंगही कमी लागला.