गरजवंताला अक्कल नसते

समाजकार्याच्या परिभाषेत 'गरज-मूल्यमापन' म्हणजे मदत करण्यापूर्वी ती कोणाला, कशाची आणि किती हवी याचा पद्धतशीर शोध. गरजवंताला अक्कल नसते, हे लोकमान्य गृहीतक हाताशी असल्यामुळे या शोधाचे निष्कर्ष बहुधा शोधाआधीच तयार असतात. अमरावती-परतवाडा मार्गावरील वलगावच्या परिसरात संस्थेचा सर्वेक्षक छापील तक्ता घेऊन येतो, तेव्हा 'घरात शौचालय आहे काय' या प्रश्नापुढे होय आणि नाही अशा दोनच चौकटी असतात. "संडास हाये ना बाप्पा, पन पानी कुठं हाये? पऱ्हाट्या भरून ठेवल्या त्यात," असे घरधनीण सांगते. पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर सरपणासाठी राखलेली वाळकी झाडे, यांना तक्त्यात चौकट नसल्याने 'होय'वर खूण होते आणि गाव विकासाच्या एका निर्देशांकात पुढे सरकते.

याच वलगावाजवळ, पेढी नदीच्या पुलाशी, 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला, ही गोष्ट मूल्यमापनशास्त्राला काहीशी अडचणीची आहे. बाबांची पद्धत अगदीच अशास्त्रीय होती: गावात शिरताच ते खराटा हाती घेत, त्यामुळे कोणाच्या दारी काय तुंबले आहे हे दिवस मावळण्यापूर्वीच कळे, मग रात्रीच्या कीर्तनात ते श्रोत्यांनाच प्रश्नामागून प्रश्न विचारीत आणि कर्ज, दारू, नवसाचा बकरा यांचा हिशेब त्यांच्याच तोंडून वदवून घेत. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांना पाठ टेकायला जागा नाही, एवढे दिसले आणि चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. मात्र 'आधाररेषा', म्हणजे काम सुरू होण्यापूर्वीच्या स्थितीची आकडेवारी, कोणी नोंदवून न ठेवल्यामुळे त्या धर्मशाळेचा काही उपयोग झाला, हे आज शास्त्रशुद्धरीत्या सिद्ध करता येत नाही.

खरी निकड असते ती दात्याची. 2013च्या कंपनी कायद्यातील कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि आर्थिक वर्ष 31 मार्चला संपत असल्याने, वऱ्हाडात ऊन तापू लागते नेमक्या त्याच सुमारास गोरगरिबांना ब्लँकेटांची तीव्र गरज भासू लागते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात जमिनीखालचे पाणीच खारट आहे, हे ओंजळभर पाण्यात कळण्यासारखे असले, तरी गोडे पाणी तीन आठवड्यांत वाटून, फलकासह त्याचे छायाचित्र काढता येत नाही, ब्लँकेटांचे येते.

2021 पासून मोठ्या कंपन्यांच्या 1 कोटी आणि त्याहून अधिक खर्चाच्या प्रकल्पांचे परिणाम त्रयस्थ संस्थेकडून तपासून घेणे सक्तीचे झाल्यावर, ज्यांना ही सक्ती नाही अशा संस्थाही हौसेने तपासणी करू लागल्या आहेत. मे महिन्यात पुन्हा तक्ता येतो, ब्लँकेट उपयोगी पडले काय असे विचारले जाते आणि या वेळी घरोघरी मनापासून 'होय' मिळते, कारण भर दुपारी तेच ब्लँकेट ओले करून खिडकीला टांगलेले असते. अहवालात ही नोंद 'थंडीपासून संरक्षण' या रकान्यात जाते.