हनुवटी उघडीच!

मुलाचं नाव बॉक्सिंगच्या क्लासला घातलं की घरात पहिली चर्चा हेडगार्डची. आई म्हणते, जाड घ्या. बाबा म्हणतात, चांगल्या कंपनीचं घ्या. मुलाला काळंच हवं असतं.

डोक्याच्या मापाचं घ्या, असं कोणीच म्हणत नाही.

खरेदीला निघण्याआधी एक न आवडणारी गोष्ट ऐकून घ्या. हेडगार्ड मेंदू वाचवत नाही. ते भुवई, कपाळ, कान आणि गाल वाचवतं. कातडी फुटणं, डोक्याला डोकं आपटून खोक पडणं त्याने कमी होतं. तेवढ्यासाठीसुद्धा स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, ते घातलंच पाहिजे. पण मेंदू कातडीखाली नसतो. तो कवटीच्या आत, पाण्यात तरंगत असतो.

डब्यातला खरवस आठवा. डब्याला बाहेरून जाड टॉवेल गुंडाळा आणि डबा गर्रकन फिरवा. डब्याला पोचा पडणार नाही. खरवसाचं काय?

आता दुसरं. भलाभला बॉक्सर आडवा होतो तो कुठे ठोसा बसल्यावर? बहुतेकदा हनुवटीवर, बाजूने आलेल्या हुकने. मान झटक्यात फिरते आणि मेंदू मागे राहतो. दुकानातलं हेडगार्ड हातात घ्या आणि हनुवटीची जागा बघा.

तिथे असतो फक्त पट्टा.

हे ज्ञान ताजं नाही. ठोसे खाऊन खाऊन अडखळत चालणाऱ्या, बोबडं बोलणाऱ्या मुष्टियोद्ध्यांबद्दल हॅरिसन मार्टलंड या अमेरिकी डॉक्टरने 1928 सालीच लिहून ठेवलं. ऑलिंपिकमध्ये हेडगार्ड सक्तीचं व्हायला मात्र 1984 उजाडलं.

आणि 2013 मध्ये बॉक्सिंगच्या जागतिक संघटनेने वरिष्ठ पुरुषांच्या डोक्यावरून ते काढूनही टाकलं. हेडगार्डशिवाय डोक्याला मार लागून लढती थांबण्याचं प्रमाण कमी होतं, हा संघटनेचा दावा. डॉक्टर त्यावर भांडत राहिले. 2016 मध्ये रिओला पुरुष उघड्या डोक्याने लढले. एका गोष्टीवर मात्र कोणी भांडलं नाही. चेहरे जास्त फुटू लागले. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपला सतीश कुमार उपांत्यपूर्व फेरीत उतरला तो चेहऱ्यावर टाके घेऊन. त्याच्या जिद्दीला सलाम. त्या टाक्यांना कशाला?

2013 मध्ये महिलांचं हेडगार्ड मात्र कायम राहिलं. का? त्यांच्याबद्दल पुरेशी माहितीच गोळा झालेली नव्हती म्हणून. 2012 मध्येच मेरी कोम लंडन ऑलिंपिकमधून पदक घेऊन आली होती. पदक देताना बाई दिसते, अभ्यास करताना दिसत नाही?

घरातला सोळा वर्षांचा वीर आता म्हणेल, ऑलिंपिकवाले घालत नाहीत, मग मी का घालू? त्याला दोन गोष्टी सांगा. ज्या संघटनेने मोठ्यांचं काढलं, तिनेच मुलांचं ठेवलं. आणि ऑलिंपिकमध्ये उघड्या डोक्याने लढणारे बॉक्सर स्पारिंगला हेडगार्ड घालूनच उतरतात. लढत तीन फेऱ्यांची असते. सराव वर्षभर चालतो.

तर, घ्यायचं कसं?

आधी माप. भुवयांच्या जरा वरून टेप फिरवा. हेडगार्ड घाला, माउथगार्ड तोंडात ठेवा, पट्टा आवळा. डोकं जोरात हलवा. मग कोणाला तरी बाजूने ढकलायला सांगा. सरकून डोळ्यावर आलं? परत ठेवा. पुढच्या वर्षीही होईल म्हणून एक माप मोठं घेणाऱ्या पालकांनो, ठोसा या वर्षी बसणार आहे.

मग नजर. गालावर गाद्या असलेलं हेडगार्ड भक्कम वाटतं, नाकापुढे दांडी असलेलं त्याहून भक्कम. पण वाढवलेली प्रत्येक गादी नजरेचा एक तुकडा खाते. गालाची गादी खालून येणारा अपरकट लपवते, कानशिलाची गादी बाजूचा हुक. दिसलेल्या ठोशाला मान तयार असते. न दिसलेल्याला नसते. नवख्याने उघड्या चेहऱ्याचं किंवा बेताच्या गालांचं घ्यावं. नाक जपायचं असेल तर दांडीवालं जरूर घ्या, पण आधी आरशासमोर घालून बघा. स्वतःच्या मुठी दिसतात का?

मग जाडी. अंगठ्याने दाबा. अंगठा लगेच तळाला टेकला तर तो नुसता स्पंज. दाबलेला खड्डा भरून आलाच नाही तर फोम संपला. क्लासच्या सामायिक पेटीत असले संपलेले फोम वर्षानुवर्षं डोक्यावर चढत असतात. सर, नवे ग्लोव्ह्ज आणलेत, मग ही पेटी कधी रिकामी करणार?

पण जाडीचाही अतिरेक नको. डोक्याचा घेर वाढला की केसभर हुकला असता तो ठोसा लागतो. वजन वाढलं की मान दमते, आणि दमलेली मान प्रत्येक ठोशाला जास्त फिरते. अधिक पैसे मोजून अधिक मार विकत का घ्यायचा?

आणि हेडगार्डवरचा तो संघटनेच्या मान्यतेचा शिक्का? तो स्पर्धेत चालेल एवढंच सांगतो. मेंदूबद्दल तो काहीही सांगत नाही. ते दुकानदार सांगतो.

खेळ कोणता, हेही बघा. मोठ्या भावाचं तायक्वांदोचं हेडगार्ड धाकट्याच्या बॉक्सिंगला चालवायचं, हा मध्यमवर्गीय हिशेब. ऑलिंपिकच्या तायक्वांदोत तोंडावर ठोसा मारायला परवानगीच नाही. ते हेडगार्ड लाथेसाठी आणि पडण्यासाठी बनलेलं, चेहरा सताड उघडा. पैसे वाचले, नाक गेलं.

कुस्तीची गोष्ट आणखी वेगळी. अमेरिकेत कॉलेजच्या पैलवानाला कानपट्टा वर्षानुवर्षं सक्तीचा होता. आपल्या तालमीत सुजून गोळा झालेले कान मिरवायचे. रगडा लागून कानात रक्त साकळतं, वेळेत काढलं नाही तर आतली कूर्चा मरते, आकार कायमचा जातो. पैलवानकीचा पुरावा गदा असते. कान कशाला हवा?

आता पावसाळा. घामाने भिजलेलं हेडगार्ड बॅगेत कोंबायचं आणि दुसऱ्या दिवशी तेच ओलं डोक्यावर. वर एक हेडगार्ड चार मुलांत. मग गजकर्ण कुठून आलं, हा प्रश्न त्वचारोगतज्ज्ञाला विचारायचा. रोज पुसा, सावलीत वाळवा, ज्याचं त्याने वापरा. एवढं कळायला डॉक्टर लागतो?

इतकं सगळं नीट पाहून घेतलं तरी मूळ प्रश्न राहतोच. मेंदूला वाचवणार कोण?

समोरचा. आणि सर.

स्पारिंगला 16 औंसाचे ग्लोव्ह्ज, जोडी वजनाला वजन, नवख्याला नवखा किंवा हात आवरता येणारा जुना. फेरी शिकण्यासाठी, हिशेब चुकवण्यासाठी नाही. साधे नियम आहेत. पण हेडगार्ड चढलं की समोरच्याचा हात मोकळा सुटतो. घातलंय ना, मग लागत नाही! डोक्यावरच्या गादीने दोघांच्याही डोक्यातली भीती काढली, तर त्या गादीने नुकसानच केलं.

आणि ठोसा लागल्यानंतर? क्रीडावैद्यकातले तज्ज्ञ 2022 मध्ये ॲमस्टरडॅमला जमले होते, त्यांचं म्हणणं शाळकरी मुलालाही समजेल. मेंदूला हादरा बसल्याची शंका आली की खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. डोकं दुखतंय, गरगरतंय, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतोय, प्रकाश सहन होत नाही. यातलं एक पुरे. उलट्या होत असतील, डोकेदुखी वाढत असेल, गुंगी येत असेल तर थेट हॉस्पिटल. पहिला हादरा निवळण्याआधी दुसरा बसला तर कोवळ्या मेंदूत जीवघेणी सूज येऊ शकते.

आपल्याकडे काय होतं? तोंडावर पाणी मारतात. पाठ थोपटतात. ‘काही नाही रे, हेडगार्ड होतं ना!’

हे निदान कोणी केलं?

बसवून ठेवलेल्या मुलाचा एक महिना जातो. न बसवलेल्याचं काय काय जाऊ शकतं, ते मार्टलंडने लिहून ठेवलंय. तरी पालकच सरांच्या मागे लागतात, पुढच्या आठवड्यात जिल्ह्याची स्पर्धा आहे, त्याला उतरवा. पदक भिंतीवर टांगता येतं म्हणून? ज्या मेंदूने दहावीचा पेपर लिहायचा, पुढची पन्नास वर्षं घर चालवायचं, त्याला दुसरा मिळत नाही.

म्हणून क्लास बघायला जाल तेव्हा हेडगार्ड कोणतं घेऊ, हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला प्रश्न सरांना विचारा. गेल्या वर्षभरात डोक्याला मार लागला म्हणून किती मुलांना घरी बसवलंत?

सर छाती फुगवून म्हणाले, ‘एकालाही नाही’, तर चपला घाला आणि दुसरा क्लास शोधा.