सव्वा चोक पाच

लग्न ठरवताना पत्रिका बघतात, छत्तीस गुण मोजतात, पण समुद्रकिनारी सुट्टीला गेल्यावर मुलगा काय करतो आणि मुलगी काय करते, हे कुणी विचारत नाही. आमच्या ह्यांच्या मते कोकणात जायचं ते सुरूच्या बनात चादर टाकून पडायला, आणि मध्ये उठायचं ते फक्त सुरमईसाठी. माझ्या मते, ज्या गावात एकही पडकी भिंत नाही तिथे जायला पेट्रोल जाळणं हाच गुन्हा. मला इतिहासातलं फार कळतं अशातला भाग नाही. प्रस्तावना तेवढ्या मी मन लावून वाचते. पुढचं पुस्तक नवऱ्याला सांगता सांगता सुचत जातं.

अलिबागच्या पुढे अक्षी, नागाव, चौल आणि रेवदंडा अशी गावं ओळीने लागतात, आणि माझ्यासारखीला तिथे मोकळं सोडणं धोक्याचं आहे. चौल म्हणजे ग्रीकांनी लिहून ठेवलेलं जुनं बंदर. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल् मसुदी तिथे येऊन गेला. 1469 च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा विकायला घेऊन उतरला, म्हणजे वास्को द गामाच्याही आधी. मग पोर्तुगीज आले आणि खाडीच्या तोंडाशी, आजच्या रेवदंड्याला, तटबंदी घालून शहर वसवून बसले. 1740 मध्ये ते मराठ्यांकडे आलं. त्या तटाच्या आत आज गाव आहे, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि त्यांच्यामधून चर्चच्या भिंती डोकावतात.

जाताना अक्षीला थांबलो. तिथला शिलालेख शके 934 चा, म्हणजे इ.स. 1012 चा. मराठीतला सर्वांत जुना लेख म्हणून बरेच अभ्यासक त्याच्याकडे बोट दाखवतात, आणि तो कित्येक वर्षं रस्त्याच्या कडेला ऊनपाऊस खात उभा होता. मी मराठीत एम.ए. आहे हे नवऱ्याला ठाऊक असल्यामुळे तो म्हणाला, ‘वाच.’ दगडावर वरच्या बाजूला चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. मला तेवढेच वाचता आले.

मुक्कामाच्या घरी काकूंनी जाहीर केलं, ‘आज संकष्टी. आमच्याकडे मासळी नाही हो शिजत.’ नवऱ्याचा चेहरा जो पडला, तो चंद्रोदयापर्यंत वर येण्याची चिन्हं दिसेनात. मी मात्र खूश, कारण मला फुकटात तिथी कळली. किनाऱ्यावरची माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, साधारण तेवढे वाजता पाणी सगळ्यात वर असतं. आईने मला लहानपणी पाऊणकी, सवाकी, दिडकी सगळं पाठ करायला लावलं होतं. मी तिथल्या तिथे म्हटलं, ‘चतुर्थी. सव्वा चोक पाच. पाच वाजता भरती. आत्ता कुठे बारा वाजतायत. तटाला समुद्राच्या बाजूने सावकाश वळसा घालू.’

‘आतून नाही का जाता येत?’ नवऱ्याने विचारलं.

‘आतून सगळेच जातात.’

खरंच सुंदर आहे ती बाजू. डावीकडे काळा तट, त्यातून बाहेर आलेली पिंपळाची मुळं, उजवीकडे समुद्र आणि पायाखाली ओली घट्ट वाळू. अंगात असा काही उत्साह संचारला की मी दिसेल त्या दगडाचं निरूपण सुरू केलं. तटातून ढासळलेल्या दगडांवर साधारण कमरेच्या उंचीपर्यंत पांढुरका, खरखरीत थर चढलेला होता. त्यातून एकही दगड सुटलेला नव्हता, आणि त्या रेघेच्या वर मात्र दगड स्वच्छ काळे. मी थांबून सांगितलं, ‘हा बघ शिंपल्यांचा चुना. पोर्तुगीज गिलावा. खालच्या भागालाच करायचे, दमट हवेमुळे.’ नवऱ्याने हात लावला, बोट कापून घेतलं आणि म्हणाला, ‘अगं, हा गिलावा जिवंत आहे.’

ती कालवं होती. कालवं जिथपर्यंत चिकटतात तिथपर्यंत रोज पाणी येतं, हे कोकणातल्या पाच वर्षांच्या पोराला कळतं. मी ती रेघ माझ्या कमरेशी पाहत होते आणि तरीही मनात सोळाव्या शतकातला गवंडी होता.

पुढे तट थोडा वळतो. वळलो तर पुढची वाळू नाहीशी झालेली. मागे पाहिलं तर आमची पावलं नाहीशी झालेली. पहिली लाट घोट्याला लागली तेव्हा मी म्हणाले, ‘एखादी येते अशी.’ दुसरीने माझी डावी चप्पल नेली. तिसरीनंतर नवरा अगदी शांत आवाजात म्हणाला, ‘सव्वा चोक पाच बरोबर आहे. पण पाऊण चोक किती?’

पाऊण चोक तीन. तीनला पूर्ण भरती, आणि घड्याळात दीड वाजून गेला होता.

नशिबाने जवळच तट एका ठिकाणी खचला होता. कालवांवर पाय सोलत, पिंपळाच्या मुळाला धरून, नवऱ्याने खालून ढकललं आणि मी एकदाची वर गेले. 1570-71 च्या वेढ्यात निजामशहाच्या प्रचंड फौजेला महिनोन्महिने झगडून पोर्तुगीजांच्या चौलात शिरता आलं नव्हतं. मी शिरले, तेही एका चपलेत.

पलीकडे कुणाची तरी वाडी होती. पोफळीच्या सावलीत पाट वाहत होता आणि एका कोपऱ्यात चार भिंतींचं बिनछपराचं दगडी बांधकाम. आत फरशी, पाणी जायला नाली आणि भिंतीत एक नीटस कोनाडा. गेलेली अब्रू परत मिळवायला यापेक्षा चांगली संधी कुठली! चौलात जुना हमामखाना आहे, हे मी प्रस्तावनेत वाचलंच होतं. केस पिळता पिळता मी म्हणाले, ‘बघितलंस? पोर्तुगीज हमाम. अधिकाऱ्यांसाठी असणार. हा कोनाडा दिव्याचा, किंवा त्यात मेरीची मूर्ती असेल.’

‘साबणाचा हाय तो,’ मागून आवाज आला. हातात कोयता घेतलेली एक आजी उभी होती. ‘आमची न्हाणी ती. सासऱ्यांनी बांधली. आता घरात बाथरूम केला, म्हणून पत्रे काढले. आणि तू काय गो, समुद्रातनं आलीस?’

तोवर तिची नातवंडं जमली, मग शेजारच्या वाडीतली. निकितीनने लिहून ठेवलंय की आपण जाऊ तिथे लोक गोऱ्या माणसाला बघायला मागे लागत. सातखणी मनोऱ्यापर्यंत माझ्याही मागे मिरवणूक होती. त्या मनोऱ्याला सातखणी म्हणतात, पण सात खण आता उरलेले नाहीत. किती उरलेत ते मान वर करून मोजायला लागले, तशी एका पोराने माझ्यावर दया करून आकडा आधीच सांगून टाकला. पाढ्यांची बातमी वाडीवाडीतून पुढे गेली असावी. ती कुणी पोहोचवली, हे मी नवऱ्याला विचारलं नाही.

आजीने आम्हाला शहाळी दिली, पैसे घेतले नाहीत, आणि सुनेच्या जुन्या स्लिपर मला दिल्या, त्या मात्र दोन्ही डाव्या पायाच्या निघाल्या. बोटाला हळद लावून घेताना नवऱ्याने तिला अगदी गंभीरपणे विचारलं, ‘आजी, तुमच्याकडे संकष्टी असते का हो?’ आजी म्हणाली, ‘म्हातारा करतो, मी नाय.’ आणि त्या माणसाला भर दुपारी, तिच्या ओटीवर, कोलंबीचं कालवण मिळालं. मी संकष्टी धरली नव्हती. पण काकूंना सकाळी ‘मी पण करते’ असं मोठ्या तोऱ्यात सांगून बसले होते, ते ह्यांनी आजीच्या कानावर घातलं. मला केळं मिळालं.

तुम्ही रेवदंड्याला जरूर जा. सातखणी, चर्चच्या भिंती, तोफा सगळं तटाच्या आत आहे, आणि तिथे चपला कोरड्या राहतात. बाहेरून वळसा घालायचाच असेल, तर ओहोटी लागल्यावर निघा आणि वेळ एखाद्या कोळणीला विचारा. आणि वाडीतल्या कोनाड्याबद्दल बोलण्याआधी मालकिणीला हाक मारा.